देवयानीचा पत्ता

सूर्यमाला, आकाशगंगा, विश्व हे शब्द आपण एका दमात उच्चारतो. त्यांतला फरक कळायला मात्र माणसाला शतके लागली, आणि तो फरक अखेर उलगडला देवयानी तारकासमूहातल्या एका धूसर ठिपक्यामुळे.

इ.स. ९६४च्या सुमारास पर्शियातल्या अल-सूफीने आपल्या ग्रंथात या ठिपक्याची नोंद लहानशा ढगासारखी केली. १६१०मध्ये गॅलिलिओने आकाशगंगेचा दुधाळ पट्टा असंख्य ताऱ्यांचा आहे हे दुर्बिणीतून पाहिले. १७५५मध्ये जर्मन तत्त्ववेत्ता कांटने तर्क लढवला की असे धूसर ठिपके म्हणजे दूरच्या, आपल्यासारख्याच आकाशगंगा असाव्यात. तर्क बरोबर होता, पण तो पडताळायला अंतर मोजावे लागणार होते आणि त्याचे साधन कुणाकडेच नव्हते.

त्यामुळे उलटा समजही तितकाच जोरात होता. फिरत्या वायुमेघातून सूर्य आणि ग्रह घडले, हे फ्रेंच गणिती लाप्लासचे मत प्रसिद्ध होते. १८८८मध्ये आयझॅक रॉबर्ट्सने देवयानीच्या मेघाचे छायाचित्र घेतले, तेव्हा त्यातली वलये पाहून अनेकांना वाटले की इथे नवी सूर्यमालाच जन्म घेत आहे. एकाच चित्रात कुणी सूर्यमाला पाहत होते, कुणी ताऱ्यांचे अख्खे विश्व.

हा तिढा सोडवणारे माप हार्वर्ड वेधशाळेतल्या हेन्रिएटा लेव्हिट यांनी दिले. सेफीड जातीच्या ताऱ्यांचे तेज ठरावीक काळाने कमी-जास्त होते. हा काळ जितका मोठा तितका तारा मुळात अधिक तेजस्वी, हे त्यांनी १९१२मध्ये दाखवले. मूळ तेज कळले की दिसणाऱ्या तेजावरून अंतर काढता येते.

असे ठिपके आकाशगंगेच्या आत आहेत की बाहेर, यावर १९२०मध्ये वॉशिंग्टनला शॅप्ली आणि कर्टिस या खगोलशास्त्रज्ञांमध्ये वाद झाला. निकाल लागला नाही. ऑक्टोबर १९२३मध्ये माउंट विल्सनच्या शंभर इंची दुर्बिणीने एडविन हबल यांनी घेतलेल्या छायाचित्रात देवयानीतला एक सेफीड सापडला. अंतर निघाले सुमारे नऊ लाख प्रकाशवर्षे, म्हणजे आकाशगंगेच्या पार बाहेर. लेव्हिट १९२१मध्येच वारल्या होत्या. पुढे वॉल्टर बाडे यांनी सेफीड ताऱ्यांचे दोन प्रकार वेगळे केले आणि अंतर आणखी वाढले. आज ते सुमारे २५ लाख प्रकाशवर्षे मानतात.

आता उतरंड स्पष्ट आहे. सूर्यापासून नेपच्यूनपर्यंत प्रकाशाला सुमारे चार तास लागतात, जवळच्या ताऱ्यापर्यंत चार वर्षांहून अधिक, आकाशगंगा ओलांडायला सुमारे एक लाख वर्षे. आपला सूर्य तिच्या केंद्रापासून सुमारे २६ हजार प्रकाशवर्षांवर फिरतो. आकाशगंगा आणि देवयानी एकाच स्थानिक गटात गुरुत्वाकर्षणाने बांधलेल्या आहेत. विश्व प्रसरण पावत असूनही त्या एकमेकींकडे सरकत आहेत. अशा गटांचे समूह, समूहांचे महासमूह. २०१७मध्ये पुण्याच्या आयुका आणि आयसर या संस्थांच्या संशोधकांनी जाहीर केलेला ‘सरस्वती’ महासमूह सुमारे ४०० कोटी प्रकाशवर्षांवर आहे.

कांटची कल्पना अचूक होती, तरी ती सिद्ध व्हायला जवळजवळ १७० वर्षे जावी लागली. विश्वात आपण कुठे आहोत हे कल्पनेने सुचवले आणि मोजमापाने ठरवले. म्हणून या शोधाचे श्रेय देताना हबलच्या आधी लेव्हिट यांचे नाव घेतले पाहिजे.