दातातील सांध्याचा इतिहास

वसई रोडवरून लोकलने मुंबईस जाणाऱ्या माणिकपूरच्या कामगाराच्या दातातील भरण निखळले, की त्याचा एक रोज बुडतो. म्हणून हा इतिहास आम्हांस आपला वाटतो.

मुंबईत १९३३ साली नायर दंत महाविद्यालय निघाले, तेव्हा पाऱ्याच्या मिश्रधातूचे भरण दातास चिकटत नसे. ते अडकविण्यासाठी चांगला दातही कोरावा लागे. १९५५ साली अमेरिकेत मायकेल बुओनोकोर यांनी कारखान्यातली युक्ती उचलली. धातूवर रंग पक्का बसावा म्हणून तेथे फॉस्फरिक आम्ल वापरीत. त्यांनी ते दाताच्या कवचास लावले. कवच खरखरीत झाले आणि राळ घट्ट बसली.

आतले डेंटिन मात्र ओलसर. १९८२ साली जपानच्या नाकाबायाशींनी तेथे राळ व कोलॅजेनचे तंतू एकमेकांत गुंफलेला थर दाखविला. पण जेथे राळ पोहोचत नाही, तेथील उघडे तंतू डेंटिनमधलीच विकरे कुरतडतात, हे पुढे कळले. क्लोरहेक्सिडिन लावून ती रोखण्याचे प्रयत्न झाले आहेत.

श्रोतेहो, संघटना बांधतानाही आम्ही हेच पाहिले: ज्या खात्यापर्यंत आपण पोहोचलो नाही, तेथूनच सांधा सुटतो.