हस्तकला गट आणि मनाचे आरोग्य : स्वयंसेवकांनी केंद्र कसे चालवावे?

आठवड्यातला एक ठरलेला दिवस, ठरलेली वेळ, एक मोठे टेबल किंवा सतरंजी, आणि भोवती गोधडी, विणकाम, क्रोशा, भरतकाम किंवा कागदकाम करत बसलेली दहा-बारा माणसे. शिकवणारे पगारी नाहीत, फी नाही किंवा अगदी नाममात्र आहे. अशा जागेला या लेखात आपण हस्तकला केंद्र म्हणू. पुण्यात सोसायटीचे सभागृह, महापालिकेचे विरंगुळा केंद्र, ज्येष्ठ नागरिक संघाची खोली किंवा वस्तीतले समाजमंदिर अशा ठिकाणी ते सुरू करता येते. तुम्ही असा गट सुरू करण्याच्या विचारात असाल, किंवा हौसेने सुरू केलेला गट चार महिन्यांत रोडावला असेल, तर ही माहिती तुमच्या उपयोगाची आहे.

एक गोष्ट आधीच सांगतो. हे केंद्र म्हणजे उपचार नव्हे. कुणाची नैराश्याची किंवा इतर मानसिक आजाराची औषधे चालू असतील, तर ‘आता विणकामात मन रमते’ म्हणून ती बंद करायची नाहीत. गटात असा सल्ला कुणी देत असेल तर त्याला तिथेच थांबवा.

हाताच्या कामाने काय होते?

टाके मोजताना मन एका जागी राहते. काम पुढे सरकलेले डोळ्यांना दिसते. चुकले तर उसवून पुन्हा करता येते, आणि ही सोय आयुष्यात फारशी कुठे मिळत नाही. अमेरिकेत २०१६ साली ३९ प्रौढांवर एक छोटा अभ्यास झाला. ४५ मिनिटे चित्र, माती किंवा कागदकाम केल्यावर सुमारे तीन चतुर्थांश लोकांच्या लाळेतले कॉर्टिसॉल हे ताणाशी संबंधित संप्रेरक कमी झालेले आढळले. त्यांना ती कला आधीपासून येत होती की नाही, याने विशेष फरक पडला नाही. म्हणजे ‘मला काही येत नाही’ म्हणणाऱ्यांनाही बोलवायला हरकत नाही.

मेयो क्लिनिकच्या २०१७ सालच्या अभ्यासात सत्तरीपुढच्या सुमारे १,९०० लोकांना साधारण चार वर्षे तपासत राहिले. नियमित हस्तकला करणाऱ्यांमध्ये स्मृती आणि आकलनातली सौम्य घट सुरू होण्याचा धोका २८ टक्क्यांनी कमी दिसला. पण हा निरीक्षणाचा अभ्यास आहे. ज्यांची स्मरणशक्ती मुळात चांगली आहे तेच लोक विणकाम चालू ठेवतात, असेही असू शकते. तेव्हा ‘विणकामाने स्मृतिभ्रंश टळतो’ असा फलक केंद्राबाहेर लावू नका.

तुमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा अभ्यास २०२४ सालचा, इंग्लंडमधला आहे. सात हजारांहून अधिक लोकांच्या माहितीत कला-हस्तकलेची आवड असलेले लोक अधिक समाधानी आढळले. आयुष्याला अर्थ आहे असेही त्यांना जास्त वाटत होते. एकटेपणात मात्र फरक दिसला नाही. विचार केला तर हे साहजिक आहे. विणकाम एकट्यानेही करता येते. दार लावून, टीव्हीसमोर बसून स्वेटर पुरा होतो.

मुले परदेशी किंवा दुसऱ्या शहरात, आणि आई-वडील तीन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये, हे चित्र पुण्यात नवे नाही. अंग दुखणे, झोप न लागणे, छातीत धडधडणे अशा तक्रारी घेऊन अशी माणसे वारंवार दवाखान्यात येतात, आणि सगळ्या तपासण्या ठीक निघतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ सालच्या अहवालानुसार जगात दर सहा माणसांमागे एकाला एकटेपणा जाणवतो. तुमच्या केंद्राला यावर काही करायचे असेल, तर नुसती लोकर आणि सुया पुरणार नाहीत.

हजेरीची वही

केंद्रातली सर्वांत उपयोगी वस्तू कोणती, असे मला विचारले तर मी हजेरीची वही म्हणेन. शंभर पानी साधी वही. त्यात नाव, फोन, घरी कळवायचे असल्यास कुणाला, आणि दर वेळची खूण. ती शिस्तीसाठी नसते. आज कोण आले नाही हे कुणाच्या तरी लक्षात यावे, यासाठी असते.

नियम साधा ठेवा. एकदा गैरहजर असेल तर काही करू नका. सलग दोनदा आले नाही तर त्या दिवशी संध्याकाळपर्यंत एकाने फोन करायचा. ‘का आला नाहीत?’ असे नाही, तर ‘काकू, तुमचा अर्धा रुमाल इथेच राहिलाय, ठेवून देते हं’ असे. ज्याला घरात आठवडाभर कुणी हाक मारलेली नसते, त्याला आपली वाट पाहिली जाते हे या एका वाक्यातून कळते. फोन लागला नाही तर दोघांनी मिळून घरी जाऊन यावे. एकट्याने जाऊ नये, म्हणजे गैरसमजाला जागा राहत नाही. येणाऱ्याला पहिल्याच दिवशी ही पद्धत सांगा आणि चालेल का ते विचारा. काहींना घरी आलेले आवडत नाही.

नवा माणूस आला की त्याच्यासाठी खुर्ची रिकामी असली पाहिजे. जुन्या मैत्रिणींचा घोळका टेबलाचे एक टोक व्यापतो आणि नवी बाई दुसऱ्या टोकाला तासभर गप्प बसून जाते, ती पुन्हा येत नाही. म्हणून एका स्वयंसेवकाने त्या दिवशी स्वतःचे काम हातात घेऊच नये. फक्त नवीन माणसाशेजारी बसावे.

जुनी परंपरा, नवे नाव

हाताचे काम आणि बरे होणे यांची सांगड आपल्याकडे जुनी आहे. रमाबाई रानडे यांनी १९०९ साली सुरू केलेल्या पुण्याच्या सेवासदनात विधवा आणि प्रौढ स्त्रिया शिवणकामासारखी कामे शिकत. तिथे त्यांना घराबाहेर येण्याचे मान्य कारणही मिळत होते. पहिल्या महायुद्धात जायबंदी झालेल्या सैनिकांसाठी १९१७ साली क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट निघाली, ती आज खडकीत आहे. तिथला भर रोजगारावर होता. पुढे कमला निंबकर यांनी १९५० साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात व्यवसायोपचाराची, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपीची, शाळा सुरू केली. कोणत्या रुग्णाला कोणते काम, किती वेळ आणि कशासाठी द्यायचे, याचे ते शास्त्र आहे. तुमचा गट ते करत नाही. पण परिसरातल्या एखाद्या व्यवसायोपचार तज्ज्ञाला वर्षातून एक-दोनदा बोलावले, तर पक्षाघातानंतर एका हाताने काम करणाऱ्याला कापड कसे अडकवून द्यावे, अशा बारीक गोष्टी कळतात.

स्वयंसेवक थकतात

बहुतेक गट पैशाअभावी नव्हे, तर एकखांबी तंबू असल्यामुळे बंद पडतात. किल्ली एकीकडे, सामान तिच्याच घरी, फोनही तीच करणार. तिच्या सुनेचे बाळंतपण आले की केंद्राला कुलूप. म्हणून सुरुवातीपासून किल्ल्या तिघांकडे द्या. प्रत्येकाला सहा महिन्यांची पाळी द्या आणि ती संपल्यावर ‘आता विश्रांती घ्या’ असे आपणहून म्हणा. दहा-बारा जणांमागे दोन-तीन स्वयंसेवक हवेतच.

लोक आपले दुःख बोलतात. ते ऐकून स्वयंसेवकालाही झोप लागत नाही, असे होते. दर बैठकीनंतर दहा मिनिटे स्वयंसेवकांनीच चहा घेत बसावे. इथे ऐकलेले सोसायटीच्या जिन्यात जाऊ नये, हा नियम मात्र कडक असावा. पेठांमध्ये बातमी फार लवकर फिरते. कुणाच्या औषधांची, पैशांची किंवा घरातल्या वाटणीची जबाबदारी स्वयंसेवकाने अंगावर घेऊ नये.

नोंदणीची घाई नको. देणग्या आणि बँक खात्याचा प्रश्न येईल तेव्हा किमान सात सभासद घेऊन धर्मादाय आयुक्त कार्यालयाकडे जाता येते.

काम, सामान आणि शरीर

पहिले काम दोन तासांत दिसण्याजोगे असावे. स्वेटर नको, चौकोन द्या. गोधडी त्यासाठी उत्तम. प्रत्येकाने एक चौकोन धावत्या टाक्याने शिवायचा आणि शेवटी सगळे जोडायचे. चिंध्या लक्ष्मी रस्त्याच्या परिसरातल्या शिंप्यांकडे, लेस आणि मणी तुळशीबागेत, हत्यारे बोहरी आळीत मिळतात. जुने कापड गरम पाण्यात धुऊन, उन्हात वाळवूनच घ्या. त्यातल्या धुळीने दमेकऱ्यांना त्रास होतो.

आलेल्या आणि गेलेल्या सुया मोजा, आणि उठताना जमिनीवरून लोहचुंबक फिरवा. मधुमेहात पायाची संवेदना कमी झालेल्या माणसाला सुई रुतलेली कळत नाही आणि जखम चिघळते. चाळिशीनंतर जवळचा चष्मा, आणि शक्य तर खिडकीजवळची जागा. दर वीस-पंचवीस मिनिटांनी सुया खाली ठेवून मनगटे, मान हलवायला सांगा. अंगठ्याच्या मुळाशी दुखत असेल किंवा रात्री बोटांना मुंग्या येत असतील, तर काही दिवस काम थांबवून डॉक्टरांना दाखवावे. गुडघेदुखी असलेल्यांना सतरंजीचा आग्रह करू नका. एप्रिल-मे महिन्यांत दुपारची वेळ टाळून सकाळी भेटा.

विसराळूपणा वाढलेल्या माणसाला ‘सोपे’ म्हणून लहान मुलांचे काम देऊ नका. त्यांना कळते. लोकरीचे गुंडे करणे, बटणे रंगानुसार लावणे ही गटाला खरोखर लागणारी कामे आहेत.

पुरुष सहसा भरतकामाला येत नाहीत. ऑस्ट्रेलियात नव्वदच्या दशकापासून पुरुषांसाठी ‘मेन्स शेड’ चालतात. तिथे लाकूडकाम आणि दुरुस्तीच्या निमित्ताने माणसे शेजारी-शेजारी उभी राहतात आणि मग बोलतात. तुमच्याकडेही एक दुरुस्तीचे टेबल ठेवून पाहा. निवृत्त माणसाला ‘मन मोकळे करायला या’ म्हटले तर तो येणार नाही. ‘मिक्सर दुरुस्त करून द्याल का?’ म्हटले तर बहुधा येईल.

विक्री करावी का?

माझ्या मते पहिले वर्ष करू नये. दिवाळीचा स्टॉल ठरला की संख्या मोजली जाते आणि हात थरथरणाऱ्या आजी आपोआप मागच्या खुर्चीवर जातात. नंतर पैशांच्या वाटणीवरून मने दुखावतात. वस्तीत मात्र हे उलटे असू शकते. तिथे बाईला दोन तास घराबाहेर पडायला कमाई हेच कारण चालते. मग बचत गट वेगळा आणि ही बैठक वेगळी ठेवा.

वस्तू भेट द्यायच्या असतील तर आधी विचारा. नवजात बालकांच्या विभागात जंतुसंसर्गाच्या भीतीने बाहेरचे कपडे सहसा घेत नाहीत, आणि सैल धागे किंवा बटणे बाळांना धोक्याची असतात. स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर वापरायचे, मऊ सुती धाग्याचे विणलेले कृत्रिम स्तन भारतातही स्वयंसेवक मोफत बनवून देतात. नमुना अचूक पाळावा लागतो, आणि जखम पूर्ण भरल्यावर डॉक्टरांना विचारूनच ते वापरायचे असतात.

कधी पुढे पाठवावे?

दोन आठवड्यांहून जास्त काळ उदासपणा, झोप किंवा भूक बदलणे, आंघोळ-कपड्यांकडे दुर्लक्ष, आवडीच्या कामातही लक्ष नसणे, संशय किंवा कानात आवाज येणे, अशा खुणा दिसल्या तर त्या माणसाशी बाजूला बसून बोला. डॉक्टरांकडे जायला सोबत लागेल का, ते विचारा. ससून रुग्णालयात मानसोपचाराची सोय आहे. स्किझोफ्रेनिया असलेल्यांसाठी आणि त्यांच्या कुटुंबीयांसाठी स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन पुण्यात काम करते.

‘आता जगून काय करायचे’ असे कुणी म्हणाले, तर ते हसण्यावारी नेऊ नका. ‘जीव द्यावा असे मनात येते का?’ असे स्पष्ट विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उत्तर ‘हो’ असेल तर माणसाला एकटे सोडू नका आणि घरच्यांना कळवा. टेली-मानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर दिवसरात्र बोलता येते, मराठीतही. जिवाला तातडीचा धोका असेल तर ११२. हे दोन्ही क्रमांक हजेरीच्या वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.