क्षयरुग्णाच्या घरात ऊन आणि मोकळी हवा : उपयोग, मर्यादा व निक्षय पोषण योजना

राष्ट्रीय क्षयरोग दूरीकरण कार्यक्रमांतर्गत क्षयरोगाचे निदान व उपचार सरकारी आरोग्य संस्थांमध्ये मोफत केले जातात. निदान झाल्यावर रुग्णाला घरात कोठे ठेवावे, हा प्रश्न कुटुंबापुढे येतो. लोकलाजेपोटी किंवा भीतीपोटी अनेकदा त्याला आतल्या अंधाऱ्या खोलीत दार लावून ठेवले जाते. रुग्णासाठी आणि घरातील इतरांसाठीही घरातील सर्वांत अयोग्य जागा तीच होय.

हवा खेळती का असावी?

फुप्फुसाचा क्षयरोग हवेतून पसरतो. रुग्ण खोकतो, शिंकतो किंवा बोलतो तेव्हा अतिसूक्ष्म कण बाहेर पडतात. बंद खोलीत हे कण तासन्‌तास तरंगत राहतात. हवा खेळती असल्यास ते विरळ होऊन बाहेर जातात. भांडी, कपडे किंवा हस्तांदोलन यांतून हा रोग पसरत नाही. त्यामुळे रुग्णाचे ताट वेगळे करून खिडकी मात्र बंद ठेवण्यात काहीच अर्थ नाही.

समोरासमोरची दार-खिडकी एकाच वेळी उघडी ठेवावी. रुग्णाचे अंथरूण खिडकीजवळ असावे. पंख्याचा झोत रुग्णाकडून इतरांकडे न जाता खिडकीबाहेर जाईल अशा रीतीने पंखा ठेवावा. एकच खोली असल्यास रुग्णाने दिवसाचा जास्तीत जास्त वेळ ओटा, अंगण, गच्ची अशा उघड्या जागी घालवावा. थंडीत खिडक्या बंद करण्याऐवजी पांघरूण वाढवावे. तोंडावर मास्क किंवा रुमाल हवाच.

उन्हाचे काम किती?

क्षयाचे जंतू शोधणारे रॉबर्ट कॉख यांनीच उन्हात हे जंतू मरतात हे दाखवून दिले होते. थेट उन्हातील अतिनील किरणांमुळे हे घडते. खिडकीची काच या किरणांचा मोठा भाग अडवते, म्हणून काच बंद ठेवून आत आलेले ऊन तितके उपयोगी नाही. अंथरूण-पांघरूण उन्हात टाकणे ही चांगली सवय आहे.

मात्र ऊन फुप्फुसातील जंतूंपर्यंत पोहोचत नाही. उन्हात बसून क्षयरोग बरा होत नाही.

औषधे येण्यापूर्वी ऊन, हवा व विश्रांती यांवरच भिस्त होती. आंध्र प्रदेशातील मदनपल्ली, मिरजेजवळील वानलेसवाडी येथील आरोग्यधामे त्याच काळातील. पुढे 1956 मध्ये मद्रासमध्ये सुरू झालेल्या संशोधन केंद्राने काही रुग्णांना आरोग्यधामात, तर काहींना त्यांच्या दाटीवाटीच्या घरातच ठेवून तीच औषधे दिली. 1959 मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष साऱ्या जगासाठी महत्त्वाचे ठरले : घरी राहिलेले रुग्णही जवळपास तितक्याच प्रमाणात बरे झाले आणि त्यांच्या कुटुंबीयांना जास्त धोका झाला नाही. आज रुग्ण घरी राहून उपचार घेतो, त्यामागे हा अभ्यास आहे.

औषधांना दाद देणाऱ्या क्षयरोगाचा उपचार साधारण 6 महिन्यांचा असतो. काही आठवड्यांत खोकला थांबतो, भूक लागते आणि नेमकी तेव्हाच गोळ्या सोडण्याची चूक होते. अर्धवट उपचारांमुळे रोग उलटतो व औषधांना दाद न देणारा होऊ शकतो. घरातील सर्वांची तपासणी करून घ्यावी. सक्रिय रोग नसल्याची खात्री झाल्यावर आरोग्य कर्मचारी प्रतिबंधात्मक उपचार सुचवतात.

निक्षय पोषण योजना

एप्रिल 2018 पासून सुरू असलेल्या या योजनेत उपचार चालू असेपर्यंत पोषणासाठी दरमहा साहाय्य मिळते. पूर्वी ही रक्कम 500 रुपये होती. नोव्हेंबर 2024 पासून ती 1,000 रुपये झाली. रक्कम थेट बँक खात्यात जमा होते. निक्षय पोर्टलवर नोंद झालेला, खासगी डॉक्टरांकडे उपचार घेणारा रुग्णही पात्र आहे. खात्याचा तपशील उपचार सुरू होतानाच द्यावा.

कामानिमित्त दुसऱ्या राज्यात जावे लागल्यास गोळ्या बंद करू नयेत. आपला निक्षय क्रमांक जवळ ठेवावा व निघण्यापूर्वी आरोग्य केंद्रात कळवावे. उपचार नव्या ठिकाणच्या केंद्राकडे वर्ग करता येतात. निःशुल्क मदतवाहिनी : 1800-11-6666.