रक्तातील मनोविकृतीचा शोध : ॲकरफेल्ट चाचणीच्या संदर्भात

मनोविकृतीचे निदान रक्तावरून करता येईल, ही अपेक्षा विसाव्या शतकाच्या आरंभी निराधार नव्हती. १९०६ मध्ये जर्मनीत वासरमान व त्यांच्या सहकाऱ्यांनी उपदंशाची रक्तचाचणी सिद्ध केली. १९१३ मध्ये नोगुची व मूर यांनी पक्षाघातयुक्त वेडाने दगावलेल्या रुग्णांच्या मेंदूत उपदंशाचे जंतू दाखवून दिले. स्किझोफ्रेनियाचेही मूळ असेच हाती लागेल, ही आशा या यशातूनच बळावली.

१९५७ मध्ये स्वीडनच्या ॲकरफेल्ट यांनी एक चाचणी मांडली. विशिष्ट रसायनात स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांचे रक्तजल मिसळले असता ते निरोगी व्यक्तींच्या तुलनेत लवकर रंगत असे. सेरुलोप्लाझ्मिन हे तांबेयुक्त प्रथिन ही क्रिया घडवून आणते. 'क' जीवनसत्त्व मात्र ती लांबवते. येथेच खरी मेख होती. दीर्घकाळ रुग्णालयात राहिलेल्या रुग्णांच्या आहारात 'क' जीवनसत्त्वाची उणीव होती. ती भरून काढल्यावर चाचणीतील फरक ओसरला. शिवाय सेरुलोप्लाझ्मिन गरोदरपणात आणि जंतुसंसर्गातही वाढते. १९५९ मध्ये अमेरिकन संशोधक सेमूर केटी यांनी अशा सर्व दाव्यांची साक्षेपी छाननी केली. चाचणीने मोजला होता तो आजार नव्हे, तर रुग्णालयाचा स्वयंपाक, असेच म्हणावे लागते.

याच सुमारास न्यू ऑर्लिन्स येथील ट्यूलेन विद्यापीठात रॉबर्ट हीथ यांनी रुग्णांच्या रक्तातून 'टॅराक्सीन' नामक द्रव्य वेगळे केल्याचा दावा केला. ते लुईझियानातील कैद्यांना 'स्वयंसेवक' म्हणून टोचण्यात आले. तुरुंगातील माणसाची संमती कितपत स्वतंत्र असते, हा प्रश्न त्या काळी फारसा कोणाला पडला नाही. इतर प्रयोगशाळांना हे निष्कर्ष खात्रीशीरपणे पडताळता आले नाहीत.

तथापि हा मार्ग सर्वस्वी निष्फळ ठरला, असे म्हणणे अन्यायाचे होईल. २००७ मध्ये जोसेप दालमाऊ व सहकाऱ्यांनी मेंदूतील एनएमडीए ग्राहकांविरुद्धची प्रतिपिंडे शोधली. भ्रम व भास यांमुळे मनोविकार विभागात दाखल होणाऱ्या काही तरुण रुग्णांचा आजार त्यामुळे वेगळा ओळखता आला. तो उपचारसाध्यही आहे. स्किझोफ्रेनियासाठी मात्र सर्वमान्य रक्तचाचणी आजही नाही. रुग्णसमूहांत सी-रिॲक्टिव्ह प्रथिनाची सरासरी अधिक आढळते; परंतु ते स्थूलता व धूम्रपान यांमुळेही वाढते. आजच्या संशोधकापुढे केटींचाच प्रश्न पुन्हा उभा आहे : रक्तातील हा फरक आजाराचा, की आजारासोबत आलेल्या जगण्याचा?