अस्तरीकृत शेततळे

अस्तरीकृत शेततळे म्हणजे शेतात किंवा घराच्या परसात खोदलेले आणि पाणी जमिनीत मुरू नये म्हणून तळाला व उतारांना प्लास्टिकच्या जाड कागदाचे अस्तर लावलेले तळे होय. महाराष्ट्रात या तळ्यांचा मुख्य उपयोग संरक्षित सिंचनासाठी होतो. मत्स्यपालन हा त्याचा जोडधंदा आहे. ग्रामीण भागात अशा तळ्यात पोहण्याचा मोह अनेकांना होतो. परंतु सिंचनासाठी बांधलेले अस्तरीकृत तळे पोहण्यास अत्यंत धोकादायक असते. पोहण्यासाठीच्या तळ्याची रचना मुळापासून वेगळी करावी लागते.

पार्श्वभूमी

विदर्भात तळी बांधण्याची परंपरा जुनी आहे. पूर्व विदर्भातील भंडारा, गोंदिया व परिसरात मालगुजारी तलाव असून ते 'मामा तलाव' या नावाने ओळखले जातात. त्यांच्या बांधणीत कोहळी समाजाचा आणि तेथील मासेमारीत ढिवर समाजाचा मोठा वाटा राहिला आहे. पश्चिम विदर्भात पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात खोल चिकण मातीमुळे अस्तराविनाही तळ्यात पाणी टिकते. वाशिम जिल्ह्याच्या पठारी भागाची स्थिती मात्र वेगळी आहे. येथे काळ्या मातीच्या थराखाली मुरूम व बेसॉल्ट खडक लागतो. खोदकाम मुरुमापर्यंत गेले की साठवलेले पाणी झिरपून जाते. त्यामुळे रिसोड तालुक्यातील रिठदसारख्या सोयाबीन, तूर व हरभरा पिकवणाऱ्या गावांच्या परिसरात दीर्घकाळ पाणी टिकवायचे असल्यास अस्तराचा विचार करावा लागतो.

शासकीय योजना

महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०१६ मध्ये 'मागेल त्याला शेततळे' ही योजना सुरू केली. तीत कमाल ३० × ३० × ३ मीटर आकाराच्या तळ्यासाठी ५०,००० रुपयांपर्यंत अनुदान होते. पुढे २०२२ मध्ये मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजनेत वैयक्तिक शेततळ्याच्या अनुदानाची कमाल मर्यादा ७५,००० रुपये करण्यात आली. जागतिक बँकेच्या साहाय्याने राबवलेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात वाशिम जिल्ह्याचा समावेश होता.

आकारमान व पाणीसाठा

तळ्याच्या बाजू उभ्या ठेवल्यास त्या ढासळतात, म्हणून त्यांना उतार दिला जातो. ३० × ३० मीटर तोंडाच्या व ३ मीटर खोलीच्या तळ्यास १:१ उतार दिल्यास तळ २४ × २४ मीटर राहतो आणि साठा २,१९६ घनमीटर, म्हणजे सुमारे २२ लाख लिटर होतो. १५ × १५ × ३ मीटरच्या तळ्यात ४४१ घनमीटर पाणी मावते. भुसभुशीत किंवा फुगणाऱ्या काळ्या मातीत १:१.५ इतका सौम्य उतार अधिक सुरक्षित ठरतो. मात्र त्यामुळे साठा घटतो.

एक हेक्टर क्षेत्रास ५ सेंटिमीटर पाण्याची एक पाळी द्यायची तर ५०० घनमीटर पाणी लागते. म्हणजे वरील मोठे तळे सुमारे ४ हेक्टरांना एक संरक्षित पाळी देऊ शकते. शेंगा भरण्याच्या काळात पावसाने ओढ दिली असता ही एक पाळी सोयाबीनचे पीक वाचवू शकते.

वाशिम जिल्ह्यात वार्षिक पाऊस सरासरी ८०० मिलिमीटरच्या आसपास असतो. तळ्याच्या ९०० चौरस मीटर तोंडावर थेट पडणाऱ्या या पावसातून सुमारे ७२० घनमीटर, म्हणजे साठ्याच्या एक तृतीयांश इतकेच पाणी मिळते. उरलेले पाणी शेतातून वाहून येणाऱ्या अपधावेतून घ्यावे लागते. त्यासाठी पाणी आत येण्याच्या मार्गावर गाळ अडवणारा खड्डा आणि जादा पाणी बाहेर जाण्यासाठी सांडवा ठेवतात.

अस्तरीकरण

शेततळ्यासाठी साधारणतः ५०० मायक्रॉन जाडीचा उच्च घनतेच्या पॉलिइथिलीनचा कागद वापरला जातो. विणलेल्या व थर दिलेल्या अशा कागदासाठी भारतीय मानक ब्यूरोचे आयएस १५३५१ हे मानक आहे. कामाचा क्रम पुढीलप्रमाणे असतो.

१. खोदाईनंतर तळ व उतारांवरील दगड, धसकटे व मुळे काढून पृष्ठभाग चोपून गुळगुळीत करतात. मुरूम किंवा खडक उघडा पडला असल्यास त्यावर बारीक मातीचा थर देतात.

२. लव्हाळ्याचे टोकदार अंकुर प्लास्टिक भेदू शकतात. म्हणून त्याच्या गाठी खणून काढणे आवश्यक असते.

३. तळ्याच्या काठापासून काही अंतरावर चारही बाजूंनी चर खोदतात. कागद पसरल्यावर त्याच्या कडा चरात सोडून वर माती दाबतात. कागदाचे तुकडे उष्णतेने जोडले जातात.

४. कागद ताणून न बसवता थोडा सैल ठेवतात. पाण्याच्या वजनाने तो जमिनीला चिकटताना ताण आल्यास सांधे उसवतात.

५. तळे पूर्ण रिकामे ठेवत नाहीत. थोडे पाणी राहिल्यास वाऱ्याने कागद उचलला जात नाही आणि तळाचे उन्हापासून रक्षण होते.

पावसाळ्यात भूजलाची पातळी तळाच्या वर आली आणि तळे रिकामे असले, तर अस्तराखाली पाणी किंवा हवा साचून फुगा येतो. उंदीर व खेकडे कागदाला छिद्रे पाडतात, तर पाणी पिण्यास उतरणारी गुरे, रोही व रानडुकरे यांच्या खुरांनी तो फाटतो. कुंपणाने अस्तर व प्राणी या दोहोंचेही रक्षण होते.

अस्तरामुळे झिरपा थांबतो. बाष्पीभवन थांबत नाही. उन्हाळ्यात दिवसाला १० मिलिमीटर बाष्पीभवन धरल्यास ९०० चौरस मीटरच्या तळ्यातून रोज ९,००० लिटर पाणी उडून जाते.

मत्स्यपालन

गोड्या पाण्यातील मिश्र मत्स्यपालनात कटला, रोहू व मृगळ हे तीन मासे एकत्र सोडतात. कटला पाण्याच्या वरच्या, रोहू मधल्या व मृगळ तळाच्या थरातील अन्न घेतो, त्यामुळे त्यांच्यात स्पर्धा कमी होते. नवख्या शेतकऱ्याने दर चौरस मीटरला एक बोटुकली याहून अधिक दाटी करू नये. पाणी किमान दीड ते दोन मीटर असावे.

मातीच्या तळ्यात तळाची माती शेवाळ व सूक्ष्मजीवांना अन्नद्रव्ये पुरवते. अस्तरीकृत तळ्यात ती सोय नसते. म्हणून शेणखत मर्यादित प्रमाणात द्यावे लागते आणि कोंडा व शेंगदाणा पेंड यांसारखे पूरक खाद्य घालावे लागते. खाद्य अधिक झाल्यास ते कुजून पाण्यातील प्राणवायू घटतो. पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडत असल्यास ती प्राणवायूच्या कमतरतेची खूण समजावी. अशा वेळी खाद्य व खत थांबवून ताजे पाणी फवाऱ्यासारखे सोडतात. ज्या तळ्याचे पाणी पिकासाठी उपसले जाते, तेथे मासे पाणी आटण्यापूर्वीच काढावे लागतात. थाई मागूर या नावाने विकल्या जाणाऱ्या परदेशी माशाच्या पालनास भारतात बंदी आहे.

पोहणे व सुरक्षितता

पूर्वी गावातील मुले विहिरीत किंवा नदीच्या डोहात, कमरेला दोर अथवा वाळलेला भोपळा बांधून, जाणत्यांच्या देखरेखीखाली पोहणे शिकत. विहिरीला पायऱ्या किंवा हाताला धरता येईल असा दगड असे. अस्तरीकृत शेततळ्यात यांपैकी काहीच नसते. ओल्या प्लास्टिकवर शेवाळ धरल्याने उतार निसरडा होतो, खोली तीन मीटरपर्यंत असते आणि काठावर पकडण्यास आधार नसतो. त्यामुळे पोहता येणारी व्यक्तीही बाहेर येऊ शकत नाही. वाचवण्यासाठी उडी घेणारा दुसराही बुडतो. शेततळ्यात मुले बुडाल्याच्या बातम्या राज्याच्या निरनिराळ्या भागांतून दरवर्षी येतात.

प्रतिबंधासाठी पुढील उपाय आवश्यक मानले जातात: बंद करता येणारे फाटक असलेले तारेचे कुंपण, चारही उतारांवर तळापर्यंत सोडलेले, वर खुंटाला पक्के बांधलेले गाठींचे दोर किंवा दोराच्या शिड्या, पाण्यावर तरंगणाऱ्या हवाबंद कॅन वा ट्यूब, आणि धोक्याचा फलक. कोणी बुडत असल्यास पाण्यात न उतरता दोर, बांबू, साडी किंवा धोतर फेकून त्याला काठाकडे ओढावे.

परसातील पोहण्याचे लहान तळे

पोहण्यासाठी नैसर्गिक तळी बांधण्याची पद्धत १९८० च्या दशकात ऑस्ट्रियात रुजली. तीत तळ्याचा एक भाग पोहण्यासाठी मोकळा ठेवून दुसऱ्या उथळ भागात पाणवनस्पती लावतात. वनस्पती व त्यांच्या मुळांवरील सूक्ष्मजीव पाण्यातील अन्नद्रव्ये शोषून पाणी स्वच्छ ठेवतात. आपल्याकडे यासाठी कर्दळ व पाणकणीस उपयोगी पडतात. पाणकणसाची मुळे अस्तर भेदू नयेत म्हणून ते कुंड्यांतच लावावे.

उदाहरणादाखल, ९ × ६ मीटर तोंडाच्या व १.२ मीटर खोलीच्या तळ्यास १:१.५ उतार दिल्यास सुमारे ३७,६०० लिटर पाणी मावते. कागदाची लांबी व रुंदी काढताना तोंडाच्या मापात खोलीची दुप्पट आणि दोन्ही कडांसाठी ६०-६० सेंटिमीटर मिळवतात. म्हणजे या तळ्यास १२.६ × ९.६ मीटर कागद लागतो. १०० चौरस मीटरच्या छपरावर ८०० मिलिमीटर पाऊस पडल्यास, २० टक्के घट धरूनही, ६४,००० लिटर पाणी मिळते. एका बाजूस खडबडीत पायऱ्या व धरण्यासाठी कठडा अनिवार्य असतो.

एकाच लहान तळ्यात पोहणे व मत्स्यपालन या दोहोंचा मेळ बसत नाही. खाद्य व माशांच्या विष्ठेमुळे पाणी हिरवे व गढूळ होते आणि तळ दिसेनासा होतो. पोहणाऱ्यासाठी तोच मोठा धोका आहे. पोहण्याच्या तळ्यात डासांच्या अळ्या खाणारे थोडे गप्पी मासे पुरेसे असतात. गळ टाकून मासे धरण्याची हौस असल्यास त्यासाठी वेगळे तळे करावे.

टीका

शेततळ्याची मूळ कल्पना वाहून जाणारे पावसाचे पाणी अडवण्याची आहे. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी विहिरी व कूपनलिकांतून उपसलेले भूजल अस्तरीकृत तळ्यांत साठवले जाते. सर्वांच्या वाट्याचे भूजल अशा रीतीने एकाच्या तळ्यात जाते आणि त्याचा काही भाग बाष्पीभवनाने नष्ट होतो, असा आक्षेप अभ्यासकांनी घेतला आहे. दुसरीकडे, जालना जिल्ह्यातील कडवंची हे गाव पाणलोट विकास व शेततळ्यांच्या आधारे उभ्या राहिलेल्या द्राक्षशेतीसाठी ओळखले जाते. तळे कोणत्या पाण्याने भरले जाते, यावरच त्याची उपयुक्तता अवलंबून राहते. फाटलेल्या प्लास्टिकची विल्हेवाट हा आणखी एक प्रश्न आहे. निकामी कागद शेतात न जाळता पुनर्वापरासाठी देणे योग्य ठरते.