डबी घरात, डोकं परगावी

राजधानी पडते तेव्हा निदान तोफा तरी वाजतात. एप्रिल 2022 मध्ये अमेरिकेतली इन्स्टिऑन कंपनी पडली, ती अगदी बिनआवाज. घरोघरचे दिवे सांभाळणाऱ्या तिच्या डबीवर लाल दिवा लागला, बस्स!

आता मंडळी करतात काय? आमच्या काउंटरवर 'सर्व्हर डाउन' म्हटलं की गिऱ्हाईक पाच मिनिटांनी पुन्हा विचारतं, तसंच. प्लग काढ, प्लग लाव, राउटर बदल. काहींनी तर डबी रीसेट करून पार कोरी केली आणि तिथंच घात झाला. पुन्हा नाव नोंदवायला कंपनीचा सर्व्हर हवा, आणि नेमका तोच बंद! दुखणं डबीत नव्हतंच. पैसे रोख मोजलेले, वस्तू आपल्या घरात, डोकं मात्र कंपनीकडे.

भिंतीवरची बटणं बिचारी चालत राहिली. ती विजेच्या तारेतून आणि रेडिओलहरींवरून आपसांत बोलत. (आमच्याकडचे जुने शिपाईही साहेबावाचून असंच हापिस चालवायचे.)

जूनमध्ये तर काही गिऱ्हाइकांनीच मिळून कंपनी विकत घेतली. एका दिव्यापायी अख्खी कंपनी! सर्व्हर पुन्हा सुरू झाले.

पुढे या नव्या मालकांनी वर्गणी लावली, ती निराळी.