दहा दिवसांचे पाहुणे

फेब्रुवारी १८१३मध्ये गॉर्डन हॉल नावाचा एक अमेरिकन तरुण मुंबई बंदरात उतरला. आला होता ख्रिस्ती धर्माचा प्रचार करायला. लवकर परतायचा बेत नव्हता. प्रचार करायचा, तर आधी मराठीची धुळाक्षरे गिरवणे भाग होते. ती त्याने गिरवली. शाळा काढल्या, बायबलच्या नव्या कराराचे मराठी भाषांतर करण्यात वाटा उचलला. १८२६मध्ये नाशिककडच्या फिरतीवर असताना पटकीने तो गेला, तेव्हा वय होते अवघे एकेचाळीस. त्याचा हेतू कुणाला पटो न पटो, पण इथल्या माणसांशी बोलायला त्याने आयुष्याची तेरा वर्षे दिली.

त्याच अमेरिकेतून पुढे निराळ्या प्रकारचे प्रवासी निघू लागले. १९५७च्या उन्हाळ्यात जॉर्ज व्हर्वर हा कॉलेजचा विद्यार्थी दोन मित्रांना घेऊन जुन्या ट्रकमधून मेक्सिकोला गेला. ट्रकमध्ये स्पॅनिश भाषेतली धार्मिक पुस्तके होती. १९६०मध्ये लॉरेन कनिंगहॅम यांनी ‘यूथ विथ अ मिशन’ ही संस्था काढली. तरुणांनी थोडे दिवस परदेशी जावे, सेवा करावी आणि घरी परतावे, ही कल्पना रुजली. विमानप्रवास आवाक्यात आला आणि गावोगावच्या चर्चमधून सुट्टीतले जथे निघू लागले. कुठे शाळेला रंग द्यायचा, कुठे भिंत बांधायची. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट वुथनाऊ यांनी २००५च्या पाहणीवरून अंदाज केला, की वर्षाला सुमारे सोळा लाख अमेरिकन चर्चसदस्य असे परदेशी जातात.

या सेवेचा हिशेब कुणीतरी मांडायला हवा होता. तो मांडला गेला मध्य अमेरिकेतल्या होंडुरास देशात. १९९८च्या ऑक्टोबरअखेर ‘मिच’ वादळाने तिथली हजारो घरे वाहून नेली. उत्तर अमेरिकेतून चर्चचे जथे घरे बांधायला धावले. कर्ट व्हर बीक हे समाजशास्त्रज्ञ होंडुरासमध्येच राहत होते. त्यांनी पाहुण्यांनी बांधलेल्या घरांतली आणि स्थानिकांनी बांधलेल्या घरांतली कुटुंबे, दोघांनाही गाठले. राहणाऱ्यांच्या आयुष्यात फारसा फरक त्यांना आढळला नाही. घर मिळाले हे महत्त्वाचे. विटा कुणी रचल्या, हे नव्हे.

फरक होता तो खर्चात. स्थानिक संस्था सुमारे दोन हजार डॉलरमध्ये एक घर उभे करीत. पाहुण्यांच्या जथ्याचा विमानप्रवासासह खर्च सरासरी तीस हजारांच्या घरात जाई. म्हणजे एका जथ्याच्या पैशांत पंधरा घरे झाली असती. उघड्यावर बसलेल्या चौदा कुटुंबांच्या बाजूने हे गणित पाहिले, की मन कासावीस होते.

कुणी म्हणेल, पैशांकडे काय पाहता, जाणाऱ्यांची मने तर बदलतात! तेही व्हर बीक यांनी तपासले. आपण बदललो, असे परतलेल्यांपैकी अनेकांनी सांगितले. देणग्यांच्या नोंदी मात्र तसे बोलेनात. बहुतेकांच्या देण्यात लक्षात येण्याजोगी वाढ नव्हती.

म्हणून त्या मुलामुलींची टिंगल करण्याचे कारण नाही. सुट्टीत समुद्रकिनारी लोळण्याऐवजी उन्हात वाळू चाळणाऱ्याची तळमळ खोटी कशी म्हणावी? खुद्द मिशन संस्थांनाही हा प्रश्न टोचत होता. २००३मध्ये अमेरिकेत अशा प्रवासांसाठी सात निकष ठरवले गेले. बेत यजमानांच्या बरोबरीने आखावा, हा त्यांतला एक. दुसऱ्याच्या घरी जाताना त्याला विचारून जावे, एवढी साधी ही गोष्ट. पण ती कलमात लिहावी लागली.

लहानपणी आमच्या घरी सांगत, मेहमानाचा हक्क तीन दिवसांचा. त्या तीन दिवसांत त्याला कामाला हात लावू द्यायचा नाही. पुढे राहिला तर तो घरचा. मग त्यानेही घागर उचलावी. होंडुरासला गेलेले हे पाहुणे पहिल्याच दिवशी घागर उचलायला निघाले होते. मन चांगले होते. फक्त पाणी कुठे आणि किती लागते, हे घरच्यांना आधी विचारायला हवे होते. आणि विचारायचे, तर त्यांची भाषा यायला हवी.